मनगटापर्यंत फेस

माणसाची लायकी त्याच्या हाताच्या फेसावरून ओळखावी, हे सत्य १९३२ साली बोर्ली पंचतनच्या बाजारात एकदाचे पोहोचले. ते पोहोचवणाऱ्या सौम्य स्वच्छता मंडळाचा मी चिटणीस होतो. (बिनपगारी. म्हणूनच मते इतकी निर्भीड.)

ठराव साधा होता. मासळी विकणाऱ्या बायकांनी बाजारात बसण्यापूर्वी सौम्य, सुवासिक साबणाने हात धुऊन मनगटापर्यंत फेस दाखवावा. फेस नाही, तर जागा नाही. धुण्याचा साबण चालणार नाही, कारण त्याने हात सोलतात आणि मंडळ दयाळू आहे.

आता बाजारातल्या विहिरीचे पाणी खारट. त्यात साबण फेसाळत नाही, नासक्या दुधासारखा फुटतो. हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मंडळाला लेखी कुणी कळवले नाही. एकोणीस जणी तपासल्या, अठरा नापास. इतका निःपक्षपाती निकाल सबंध जिल्ह्यात लागला नसेल!

एकोणिसावी सगुणा. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या टोपलीवर चाललेले. जागा गेली की चूल थंड. तिने घरून आणलेले भिजवलेले रिठे चोळले आणि त्याच खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत फेस काढला. अध्यक्षांनी आठ्या घालून विचारले, हा फेस कोणत्या कंपनीचा?

"झाडाचा हाय, दादा. त्याला कंपनी न्हाय."

शेरा पडला: 'हात स्वच्छ, परंतु बेकायदा.' सगुणा टोपली उचलून निघाली. मला वाईट वाटले. पण चिटणिसाने वाईट वाटून घ्यावे, अशी नियमांत तरतूद नव्हती.

पुढे अध्यक्षांच्या पत्नी चंद्राबाई यांचा चेहरा त्या सुवासिक साबणाने रखरखीत झाला. त्यांनी मागल्या दाराने सगुणेकडून रिठे नेले. महिन्याभरात चेहरा नितळ. मंडळाने ताबडतोब (शास्त्राला नाही म्हणणारे आम्ही कोण?) रिठ्याची भुकटी डबीत भरली, वर एक गोरी बाई छापली आणि सगुणेला कळवले की डबी घे, जागा मिळेल. तिने घेतली. करते काय बिचारी?

वाचकहो, हसू येतंय? हसा की. पण तो महिनाभर सगुणा कोळंबी घेऊन दारोदार हिंडली, तेव्हा "हात धुतलेस का गं?" म्हणत दार आपणच लावून घेतले होते. आता तिच्या पुढ्यात डबी दिसते आणि आपण घासाघीससुद्धा करत नाही. सगुणा हात अजून परसातल्या रिठ्यानेच धुते. डबीचे सील तिने फोडलेलेच नाही.