छ्यू देमाओंचं कार्ड आणि व्याह्यांचा फोन

"एका जोडप्याला दोन फोन कशाला? एका पातेल्याला दोन झाकणं असतात का?" असं म्हणून छ्यू देमाओंनी बायकोचा फोन चांग्च्याखोउच्या घरी कपाटात ठेवायला लावला. "मी असताना तुला गोबीच्या वाळवंटातसुद्धा रेंज मिळेल."

देमाओ तीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा ओढायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी शेजारी कुणाचा फोन बिघडला की आधी तेच धावत. त्यानंतर तो फोन दुरुस्तीवाल्याकडे न्यावाच लागे.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलाने, हायफंगने, आईबापांना बीजिंगहून मंगोलियाला जाणाऱ्या आलिशान गाडीत बसवून दिलं होतं. डब्यात लाकडी भिंती, मखमली खुर्च्या आणि पांढरे हातमोजे घातलेली सेविका. अडचण एकच होती. त्याच संध्याकाळी सहाला थू साहेबांचा वीचॅटवर फोन यायचा होता. थू म्हणजे हायफंगच्या होणाऱ्या बायकोचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाचं पक्कं करायचं की नाही, ते या बोलण्यावर ठरणार होतं. आधीचं एक स्थळ त्यांनी मुलाचा बाप वीस मिनिटं उशिरा आला म्हणून नाकारलं होतं. अशा माणसाकडे वेळ बदलून कोण मागणार?

दुपारी गाडी सरहद्दीवर एरल्यानला थांबली. मंगोलियातले रूळ जास्त रुंद, म्हणून इथे प्रवाशांसकट डबे वर उचलतात आणि खालची चाकं बदलतात. डबा हवेत असताना देमाओंनी बाजारातून आणलेलं मंगोलियाचं सिमकार्ड खिशातून काढलं.

"अहो, हायफंग म्हणाला होता ना, काही करू नका म्हणून?" बायको सूच्यिन सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाली.

"तो बँकेत आहे. मी खात्यात होतो."

त्यांनी तिच्याच कानातल्या डुलाच्या टोकाने फोनमधलं जुनं कार्ड बाहेर काढलं. नेमका त्याच क्षणी डबा नव्या चाकांवर टेकला. धप्प. नखाएवढं कार्ड उडालं आणि दिसेनासं झालं.

"असू दे, नवीन आहे," देमाओ म्हणाले. नवीन कार्ड घातलं. पडद्यावर मंगोलियातली अक्षरं उमटली. ती काहीतरी विचारत होती. देमाओंनी सगळ्याला होकार दिला, आणि फोन मुका झाला.

डब्यातल्या सेविका लुआनताई म्हणाल्या, "काका, गाडीत इंटरनेट आहे की. नंबर टाका, पासवर्ड मेसेजने येईल."

"कुठल्या नंबरवर?"

"तुमच्या नेहमीच्या."

देमाओ खाली बसले. लुआनताईंनी स्वतःचा फोन पुढे केला. "मुलाला लावा."

इथे खरी पंचाईत झाली. एकेकाळी या माणसाला गावातले तीनशे नंबर तोंडपाठ होते. धान्यकोठाराचा नंबर त्यांनी तिथल्या तिथे म्हणून दाखवला. मुलाचा मात्र येईना; तो हरवलेल्या कार्डातच साठवलेला होता.

सहा वाजले. बाहेर नुसतं माळरान. देमाओ गालिच्यावर रांगत होते. लुआनताई पांढऱ्या हातमोज्यांनी केराच्या डब्यातली सूर्यफुलाची टरफलं एकेक करून बाजूला करत होत्या.

"हात दाखवून अवलक्षण," सूच्यिन म्हणाली. तिचा आवाज मात्र रडवेला झाला होता. "पोराला इतक्या वर्षांनी कुणी आवडली हो."

पोराचं लग्न आपण एका डुलाने मोडलं, हे देमाओंना कळून चुकलं होतं.

साडेसातला जेवणाची घंटा झाली. "निदान पँट तरी बदला, गुडघे बघा," सूच्यिन म्हणाली. त्यांनी पँट काढून झटकली आणि पायाकडच्या दुमडीतून टप्पकन कार्ड पडलं. काखेत कळसा, गावाला वळसा!

कार्ड बसवलं. पुढच्या लहानशा स्टेशनात मान टाकलेल्या फोनने डोळे उघडले. पहिला निरोप हायफंगचा, दुपारी बाराचा, तेव्हा न उघडलेला. 'बाबा, तुमच्या कार्डावर परदेशातली सेवा सुरू केलीय. फोनला हात लावू नका.'

दुसरा थू साहेबांचा, बोलून पाठवलेला. देमाओंनी डोळे मिटून तो लावला.

"छ्यू साहेब, सहाला दोनदा फोन केला. बंद होता. मुलगी सांगत होती, तुम्ही फोनवर माणसाला दोन तास सोडत नाही. खरं सांगतो, मी धास्तावूनच बसलो होतो. पण लग्नाच्या वाढदिवसाला बायकोबरोबर निघालं की फोन बंद ठेवणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. अशा घरी मुलगी द्यायला आमची ना नाही. तारीख तुम्हीच काढा."

दोघांचाही जीव भांड्यात पडला. सूच्यिनने डोळे पुसले, लुआनताईंनी मळलेले हातमोजे काढले, आणि देमाओंची छाती पुन्हा हळूहळू फुगू लागली.

"थांब, व्याह्यांना आत्ता फोन करून सगळं नीट समजावून सांगतो."

सूच्यिनने नुसता हात पुढे केला. देमाओंनी मुकाट्याने फोन तिच्या हातावर ठेवला. तिने तो बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

"आता मिळेल तो लग्न लागल्यावर."