तोंडं झाकलेली पुस्तकं

शिरसाट आबा माणसाशी बोलताना त्याच्या पायांकडे बघतात. नमस्कार तुमच्या अंगठ्याला आणि चौकशी तुमच्या टाचेची. मला आधी वाटलं, माणूस लाजाळू असेल. पण पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "मॅडम, आज घरी वाजलेलं दिसतंय." मी म्हटलं, "छे हो, काहीतरीच!" तर माझ्या सँडलवर नजर रोखून म्हणाले, "टाचा आपटत आलात. खोटं कशाला बोलता?" वाजलं होतं हे खरं. पण ते यांना कशाला कळायला हवं? तेव्हापासून त्यांच्यासमोर मी पाय साडीखाली ओढून घेऊन बसू लागले.

भिंगारमध्ये दोन खोल्यांत मी स्वमग्न मुलांचा छोटासा वर्ग चालवते. सात मुलं, मी आणि मदतीला मंदाबाई. आबा आपल्या आठ वर्षांच्या नातीला, जुईला, रोज घेऊन येतात. बाकीचे आजी-आजोबा मुलाला सोडतात आणि सुटलो बाबा म्हणत घरी जातात. आबा जात नाहीत. दाराशी स्टुलावर ठाण मांडून वर्गावर नजर ठेवतात.

नजर ठेवणं हा त्यांचा पेशाच. बसचे तिकीट तपासनीस म्हणून त्यांची सगळी नोकरी नगर-पाथर्डी रस्त्यावर गेली. "बिनतिकिटाचा माणूस हसतो, गप्पा मारतो, देवाचं नाव घेतो, काय बी करतो," ते सांगायचे. "तोंडावर जाऊ नका. तोंड शिकवलेलं असतंय. पाय अडाणी. त्यास्नी लपवता येत न्हाई." या पायांच्या भरवशावर त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला करंजी घाटात खाली उतरवलं होतं. मी विचारलं, "अहो, पण त्यांच्याकडे तिकीट होतं का?"

"व्हतं," आबा म्हणाले. "कालचं."

मेव्हण्याच्या घरचं जेवण त्या दिवसापासून बंद झालं, ते आजतागायत.

मंदाबाईशी त्यांचं रोज एकच संभाषण. चहाचा कप हातात आला की, "दूध कुठलं?" मंदाबाई म्हणायची, "म्हशीचं." "कुठल्या म्हशीचं?" यावर मंदाबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "ह्यांना एकदा गोठ्यातच नेऊन बांधते." आबा चहा मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे.

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय यायचा. हा माणूस दिवसभर इथे बसून करतो काय? वर्गाच्या तक्रारी गोळा करायला कुणी बसवलाय की काय? मी मुलांवर आवाज चढवला की ते दाराकडे तोंड फिरवायचे, आणि माझा पारा आणखी चढायचा.

माझी सगळी भिस्त चित्रांच्या पुस्तकांवर. पानावर एकच मूल, डोक्यापासून पायापर्यंत, आणि त्याचं भलंमोठं तोंड. हसरं, रडवेलं, रागावलेलं, घाबरलेलं. मी त्यावर बोट ठेवून विचारते, "हिला काय वाटतंय?" काही मुलं हळूहळू सांगू लागतात. जुई पुस्तक उघडलं की भिंतीकडे बघायची. हनुवटी धरून वळवलं तर डोळे गच्च मिटायची. सहा महिने हाच खेळ. शेवटी मी तिच्या प्रगतिपत्रकावर लिहून टाकलं, 'भावना ओळखता येत नाहीत.' लिहिताना फारसा विचार केला नाही, हेही कबूल करते.

त्यानंतरच्या सोमवारी मी पुस्तक उघडलं आणि उडालेच. प्रत्येक पानावरच्या मुलाच्या तोंडावर खाकी कागदाचा गोल तुकडा चिकटवलेला. दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं, सगळीकडे तेच. पानांना मैद्याच्या खळीचा वास येत होता. आधी मंदाबाईवर घसरले. ती आईशपथ घेऊन रडकुंडीला आली. मग कागद चिकटवायचा नाद असलेल्या एका पोराचे हात हुंगले. त्यांना नुसता खारी बिस्किटांचा वास. मग मधल्या सुट्टीत मी कपाटामागे दबा धरून बसले, आणि माझ्या मांडीला मुंग्या यायच्या आत शिरसाट आबा उरलेल्या पुस्तकांसाठी खळीची वाटी घेऊन आले.

"आबा! लहान मुलांची पुस्तकं आहेत ती!"

ते जराही दचकले नाहीत. खळीचं बोट धोतराला पुसत म्हणाले, "मॅडम, तुमी पोरीला तोंडं दाखवता. ती बघत न्हाई. आमच्या घरात तोंडं बघायची पद्धतच न्हाई. तिला खालचं इचारा."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात जुई आली. तिने झाकलेलं पान ओढलं. चित्रातल्या मुलीसमोर कुत्रं उभं होतं, तिचे गुडघे एकमेकांना चिकटले होते, पायाची बोटं मुडपलेली. जुईने त्या बोटांवर आपलं बोट ठेवलं.

"भ्याली," ती म्हणाली.

सहा महिन्यांत पुस्तकातल्या कुणाबद्दल ती बोललेला हा पहिला शब्द. मला आनंद व्हायला हवा होता. आला संशय. म्हाताऱ्याने घरी घोकून घेतलं असणार! मी कपाटातलं नवं कोरं पुस्तक काढलं, चित्रातल्या तोंडावर माझा तळहात ठेवला आणि पानं उलटत गेले. ती एकेका हातापायावर बोट ठेवून सांगत गेली. "चिडली." "नाचती." एका पानावर खूप वेळ थांबली आणि म्हणाली, "वाट बघती." पुस्तकात तिथे 'दुःख' असं छापलं होतं. मी पुन्हा चित्र पाहिलं. दाराकडे पाय करून बसलेली मुलगी. जुईचं उत्तर जास्त बरोबर होतं.

पण प्रगतिपत्रक तोवर घरी पोचलं होतं. जुईची आई सुरेखा, म्हणजे आबांची मुलगी, सोनईच्या एका दवाखान्यात नर्स. नवऱ्याशी पटलं नाही, रात्रपाळ्या चुकत नाहीत, म्हणून जुई आबांकडे. सुरेखा शनिवारी यायची आणि सोमवारी सकाळच्या बसने परत जायची. पुढच्या सोमवारी ती बसला जाताजाता वर्गात आली. पुण्यातल्या एका वसतिगृहाचा अर्ज हातात होता.

"मॅडम, तुमची सही लागते. तिथं चांगली सोय आहे." ती कोरडेपणाने बोलत होती. "तुम्हीच लिहिलंय ना, तिला भावना कळत नाहीत. मी आले काय, गेले काय, तिला सारखंच. एकदाही गळ्यात पडत नाही. मग इथं राहिली काय आणि तिथं राहिली काय!"

मी पेन खाली ठेवलं. काय सांगावं याची जुळवाजुळव करतेय तोच जुई उठून बाहेर गेली. दाराशी काढलेल्या चपलांतून तिने आईच्या चपला उचलल्या, आपल्या दप्तरात कोंबल्या आणि दप्तरावर बसली.

"हे बघा!" सुरेखा ओरडली. "प्रत्येक वेळी असंच! हिच्यामुळं माझी बस चुकते!"

आबा स्टुलावरून उठले. आवाज थेट बसमधला.

"चपला कवा लपवती? येतानी का जातानी?"

"जातानाच. येताना कशाला?"

"माझ्या कधी लपवल्या?"

"नाही."

"मंदाबाईच्या? मॅडमच्या?"

"नाही, आबा."

"म्हंजे फक्त तुज्या. आन् फक्त जातानी." त्यांनी दप्तराकडे बोट केलं. "आनखी काय पुरावा पायजे तुला?"

सुरेखा उभीच होती. मग खाली बसली, जुईच्या शेजारी, जमिनीवर. जुईने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त सरकून दप्तरावर तिच्यापुरती जागा केली. त्या दिवशी बस चुकली. अर्जावर मी सही केली नाही आणि प्रगतिपत्रकावरची माझी ती ओळ सुरेखासमोरच खोडली. लाज वाटली, पण खोडली.

महिन्याभरात सुरेखाने दिवसपाळी मागून घेतली. सोनईला खोली केली आणि जुईला घेऊन गेली. वर्गाला आता फक्त शनिवारी आणणार. आबांनीच दोघींना गाडीत बसवून दिलं. मी आणि मंदाबाईही निरोपाला गेलो होतो; परतताना तिने विचारलं तर म्हणाले, "बरं झालं. घर मोकळं झालं." इतकं छान खोटं त्यांनी याआधी कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पोरीचं मन कुठे आहे ते त्यांनीच शोधून काढलं होतं, आणि ते त्यांच्या घरात नव्हतं.

सोमवारी दहा वाजता आबा दारात. एकटेच.

"आबा, जुई शनिवारी येणार ना?"

"ठाव हाय."

"मग?"

त्यांनी दाराशीच्या स्टुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरी तपासायला कुनीच न्हाई, मॅडम."

हा माणूस जन्मभर चालत्या गाड्यांना हात करून, कुणाला न विचारता चढला होता. आता उंबऱ्याबाहेर उभा राहून मला विचारत होता, "जरा येळ बसू का हितं?"

मी "या" म्हणेपर्यंत ते बाहेरच उभे होते.