दाजींची पंखवाली

कुणी नवी गाडी घेतली की आमचे दाजी पेढा घेतात, खातात, आणि मग दुखवट्याला आल्यासारखे गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहतात. हात पाठीमागे बांधलेले, मान खाली. गाडीच्या मालकाला वाटतं, माणूस भारावला. एक-दोन मिनिटं अशी गेली की दाजी डिकीवरून हळूच हात फिरवतात, सुस्कारा सोडतात आणि विचारतात, "रेष कुटं हाय?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बेळगावात कॅम्पाला लागून त्यांचं बैठं घर आहे. सरकारी बांधकाम खात्यात ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे साहेबांनी ठरवलेली गटारं, मोऱ्या आणि शाळेचे वर्ग कागदावर काढून द्यायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या सरळ रेषा ओढल्या म्हणून असेल, पण त्यांचा स्वतःचा जीव अडकला तो बाकदार रेषांत. आणि तसल्या रेषा, त्यांच्या मते, जगात एकाच ठिकाणी उमटल्या होत्या : जुन्या अमेरिकन मोटारींवर. त्यानंतर माणसाचा हात बिघडला तो बिघडलाच.

मी कर्ज काढून पहिली गाडी घेतली तेव्हा फार अपेक्षेनं त्यांच्या दारात नेऊन उभी केली. त्यांनी तिला एक प्रदक्षिणा घातली. म्हणाले, "पावणं, ही गाडी न्हवं. साबणाची वडी हाय. ती पण आठ दिस वापरलेली." माझ्या बायकोला हे इतकं आवडलं की आमच्या घरी त्या गाडीचं नावच वडी पडलं. "वडी काढा बाहेर, आईकडं जायचंय," असं ती आजही चारचौघांत ओरडते.

दाजी मूळचे निपाणीचे. त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि वखारीच्या शेठजींकडे एक अमेरिकन गाडी होती. कंपनीचं नाव दाजी कधी घेत नाहीत. "पंखवाली" म्हणतात, आणि तेही जरा खालच्या आवाजात. खाली पिस्ता रंग, वर साय. पुढं चकचकीत दातांची कवळी, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हसणारी. मागं दोन्ही बाजूंना पत्र्याचे उभे पंख, आणि त्यांच्या टोकाला लालभडक दिवे. निपाणीच्या गल्लीत ती वळायला लागली की दोन दुकानदारांना आपापल्या फळ्या आत घ्याव्या लागत.

ही गाडी मीही पाहिली आहे. दाजी-आक्काच्या वरातीला शेठजींनी ती दिली होती. मी सात-आठ वर्षांचा होतो आणि गाडीत जागा न मिळाल्यानं निपाणीभर तिच्या मागं पळत होतो. त्यामुळे तिचं तोंड मला आठवत नाही, पण मागच्या बाजूबद्दल बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे.

आक्काचं मत वेगळं. "वरातीत मला तीनदा वांती आलती. गाडी कसली, नुसतं हेलकावं!"

"होडीच ती," दाजी अभिमानानं म्हणत.

"व्हय, म्हणूनच!"

दाजींचं गाड्यांचं शास्त्र सोपं होतं. गाडी उभी असली तरी निघाल्यासारखी दिसली पाहिजे. "आताच्या गाड्या पळतानाबी उभ्याच वाटत्यात." गाडीला चेहरा पाहिजे. "आताच्या गाड्यांचं तोंड बघा. एक तर सुजलेलं, न्हाय तर कुणावर तरी खवळलेलं. सकाळी उठून असलं तोंड कोण बघंल?" मी एकदा धीर करून विचारलं, "पण दाजी, त्या पंखांचा उपयोग काय?" त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमच्या मिशीचा काय उपयोग हाय, पावणं?"

बायको आतून हसली. मी विषय बदलला.

नोकरीत त्यांना मनासारखं काही काढायची संधी एकदाच मिळाली. सदलग्याच्या वाटेवर एका फाट्यावर एसटीचा थांबा बांधायचा होता. साहेब रजेवर होते. दाजींनी थांब्याच्या छताला मागं दोन पंख काढले, आणि कुणाचं लक्ष जायच्या आत ते बांधूनही झाले. दिसायला फार सुरेख. पावसाळ्यात मात्र दोन पंखांच्या मधलं सगळं पाणी बरोबर बाकावर पडतं. अजूनही तिथली माणसं पावसात थांब्याच्या बाहेर छत्री धरून उभी राहतात. फाट्याला विमानतळ म्हणतात. "विमानतळावर उतरा, म्हंजे मळा लागंल," असा पत्ता मी स्वतः ऐकला आहे. दाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पाण्याबद्दलचा भाग मी वगळला होता.

अमेरिकन गाडी घेणं अर्थातच शक्य नव्हतं. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी मुंबईत एके काळी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात पळायच्या त्या जातीची एक म्हातारी, पांढरी गाडी घेतली. कारण तिला मागं, नीट पाहिलं तर, बोटभर पंख होते. "अमेरिकेचं वारं इटलीला लागलं, इटलीचं मुंबईला," दाजी सांगत. "नात हाय ती. आजीच्या नाकावर गेलीया." या नातीच्या क्रोमला ते रोज सकाळी दंतमंजन लावून घासत. आक्का म्हणायची, "माझ्या दातांपेक्षा गाडीलाच जास्त लागतंय मंजन." पण संध्याकाळी साडी बदलून तीच पहिली दारात उभी. दोघं कॅम्पातनं एक फेरी मारून यायची. कधी काही आणायचं नसे, कुणाकडं जायचं नसे.

या फेऱ्या गेल्या वर्षी बंद पडल्या. आक्काला झटका आला आणि तिची उजवी बाजू लुळी पडली. जीभही जड झाली. टोमण्यांपुरती मात्र शिल्लक राहिली. व्यायामानं ती धरून धरून चालायला लागली. तरी बसल्या बसल्या अंग उजवीकडं कलायचं, आणि एकदा कललं की तिला स्वतःहून सरळ होता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हिला घरात कोंडू नका, बाहेर न्या. बाहेरची हवा, माणसं, रस्ता हेच आता औषध.

तिचा मुलगा सुहास पुण्याला असतो. तो लगेच उंच, नवी कोरी गाडी घेऊन आला. "आईसाठी," म्हणाला. दाजींनी पेढा खाल्ला. मागं जाऊन उभे राहिले. पण या वेळी रेष विचारली नाही.

आक्काला मागच्या सीटवर बसवू म्हटलं तर ती उखडली. "मागं टाकून न्यायला मी काय तंबाखूचं पोतं हाय?" मग पुढं बसवली. सुहास चालवायला, मी आणि दाजी मागं. गाडी इतकी उंच की तिला वर चढवता चढवताच माझी कंबर धरली. पहिल्या चौकात सुहासनं गाडी डावीकडं वळवली आणि आक्का उजवीकडं कलली. दोन सीटांच्या मध्ये गिअरचा कठड्याएवढा डबा होता. त्याची कड तिच्या बरगडीत बसली. दाजींनी मागून हात पुढं केला, पण सीटची पाठ एवढी उंच की हात तिच्यापर्यंत पोचलाच नाही. नुसताच हवेत राहिला.

आक्का कळवळली नाही. एवढंच म्हणाली, "घरी चला."

दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, "आता अंगणापतुर माझी हद्द. त्याच्या फुडं मला कुणी न्यायचं न्हाय." आणि तिनं ते पाळलं. तपासायलासुद्धा डॉक्टरांनाच घरी बोलावलं. दिवसदिवस ती खिडकीशी बसून राहायला लागली. बोलणं कमी झालं. टोमणेही कमी झाले, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो.

घाबरलो की आमच्या घराण्यात बैठक भरते. फोनवरून सुहास, इकडून मी. ठरलं असं की आईच्या मनातली भीती घालवायची तर नवी गाडी दारात कायम हवी, म्हणजे सवय होईल. पण अंगणात जागा एकच, आणि तिथं नात उभी. "मामा, बाबांना तुम्हीच सांगा. ती जुनी मोडीत काढा." मी म्हटलं, "सोड माझ्यावर." हे वाक्य मी आजवर जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा नंतर मला कुणाची तरी माफी मागावी लागली आहे.

मी गेलो तेव्हा दाजी टेप घेऊन आक्काभोवती फिरत होते. ती सोफ्यावर बसलेली. हे सोफ्याच्या गादीपासून तिच्या खांद्यापर्यंत माप घेतायत, मग कानापर्यंत, मग स्वतः शेजारी बसून तिच्याकडून स्वतःच्या खांद्याचं माप घेववतायत. मला वाटलं, ब्लाऊजाचं काहीतरी असेल. मी मोडीचा विषय काढला.

"पुढच्या आयतवारापतुर थांबा," दाजी म्हणाले.

आणि दोन दिवसांनी हा माणूस आक्काला माझ्या बायकोच्या हवाली करून गाडीसकट निपाणीला गेला! तिथं हायवेला ट्रकच्या सीटा शिवणारा इक्बाल नावाचा कारागीर आहे, त्याच्याकडं. बायकोनं फोन करून विचारलं तेव्हा मागून इक्बालचा आवाज येत होता, "आगल्ल सर, आगल्ल," म्हणजे होणार नाही, जमणार नाही. दाजी ओरडत होते, "व्हतंय रं! मी नकाशा दिलाय न्हवं?"

आयतवारी मी तयारीनं गेलो. वडी गेटाबाहेर लावली. आत दाजी गाडीची दारं सताड उघडून उभे होते. पुढच्या दोन सीटा नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी तांबड्या रेक्झिनची, सायीच्या रंगाची किनार लावलेली एकच लांब सीट होती.

"रेष बघा, पावणं. या दारापास्नं त्या दारापतुर. मधी काय न्हाय."

माझं डोकं फिरलं. मी बरंच बोललो. घरात बायको आजारी, ती महिनोन्महिने उंबऱ्याबाहेर पडत नाही, मुलगा तिकडं झुरतोय, आणि तुम्हाला गाडी नटवायचं सुचतंय. तुम्हाला ती निपाणीची पंखवाली प्यारी. आमच्या आक्काचं काय व्हायचं ते होवो. माझा आवाज चढला होता आणि वाक्यंही, खरं सांगायचं तर, बरी जमत होती.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "झालं? मग मागं बसा."

मग ते घरात गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा आक्का त्यांच्या दंडाला धरून होती, साडी बदललेली. ती अंगणातच, गाडीच्या उघड्या दाराशी थबकली. गाडीकडं पाहिलं, सीटकडं पाहिलं. म्हातारी गाडी ठेंगणी, त्यामुळे चढायचं काही नव्हतंच, नुसतं टेकायचं होतं. दाजींनी तिला पट्टा बांधला, वळसा घालून स्वतः बसले. या जुन्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असतो. दोघांच्या मध्ये खरंच काही नव्हतं.

पहिला चौक आला. दाजींनी डावीकडं वळवली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आक्का कलली होती. सावकाश, सगळ्या अंगानं, दाजींच्या खांद्यावर. डोकं बरोबर खांद्याच्या खळगीत बसलं होतं. इक्बालनं सीट तिच्या बाजूला दोन बोटं उंच शिवली होती, ती का, हे मला तेव्हा कळलं. दाजी रस्त्याकडं बघत होते. दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना त्यांचा डावा हात फक्त कोपरापासून हलला. खांदा तसाच राहिला.

मघाची माझी सगळी सुंदर वाक्यं मला एकेक करून आठवायला लागली. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

पुढच्या चौकात पुन्हा डावीकडं. त्याच्या पुढच्या चौकात डावीकडं. एक चर्च गेलं, लष्कराच्या भिंती गेल्या, शाळेचं मैदान गेलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच चर्च आलं.

"दाजी, हे चर्च मघाशी झालं."

"चांगलं हाय की. परत बघा."

तिसऱ्या वेढ्याला आक्काची जीभ हलली. डोकं उचललं नाही, पण शब्द स्पष्ट होते.

"अहो, घर उजवीकडं ऱ्हायलं."

"व्हय."

"मग?"

"उजवीकडं रस्ता खराब हाय."

"काल तर डांबर घातलंय म्हणून सांगत हुता."

दाजींचे कान मागून मला दिसत होते, आणि ते लाल झाले होते. चौक जवळ आला. गाडी हळू झाली. उजवा हात दाखवावा की काय, अशा विचारात ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले.

आक्का त्या खांद्यावर जरा सरकून नीट बसली.

"घ्या की मग डावीकडंच," ती म्हणाली.