हमीदभाईंचं जुनं कोर्ट

ओमानातल्या रुस्ताकला पाहुणा आला की लोक त्याला किल्ला दाखवतात, गरम पाण्याचा झरा दाखवतात. हमीदभाई कोर्ट दाखवतात. तेही बंद पडलेलं!

हमीदभाई आमच्या कंपनीतले सुतार, दापोलीकडचे. मी इलेक्ट्रिशियन. माझी बायको पहिल्यांदा ओमानात आली, तेव्हा तिची बॅग गाडीतून उतरायच्या आधी हे हजर. "वहिनी, चहा मागाहून. आधी कोर्ट!"

तिथल्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी आहे. "इथून वाकूनच शिरायचं. फिर्यादी असो नाहीतर अर्बाब!" आमचे अर्बाब, म्हणजे मालक, एकदा ताठ मानेने शिरायला गेले नि टाळकं आपटलं. हमीदभाई मागून पुटपुटले, "निकाल लागला!"

आत गेलं की त्यांना आवरणं कठीण. दोन हात जाड मातीच्या भिंतीला कान लावायला लावतात. छताचे खजुराचे वासे मोजायला लावतात. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. "काझी इथं, सतरंजीवर. पक्षकार तिथं. वारा बघ कुठून येतो! भांडणारा माणूस आधी थंड झाला पाहिजे ना?"

गेल्या महिन्यात तिथं दुरुस्ती निघाली आणि दरवाजाचं काम हमीदभाईंना मिळालं. साठीचा माणूस वर्कशॉपमध्ये अक्षरशः नाचला! त्या दरवाजाला बिजागऱ्या नाहीत, तो लाकडी खुंटीवर फिरतो. इंजिनियर म्हणाला, "स्टीलच्या बिजागऱ्या लाव. यल्ला, खलास!" हमीदभाई थेट उंबऱ्यावर बसले. "मग आधी मला उचला, साहेब." शेवटी साहेबांनीच हात टेकले. तिसऱ्या दिवशी तो अवजड दरवाजा फिरला, एका बोटाने! आम्ही टाळ्या पिटल्या.

साहेब फोनवर बोलत बाहेर गेले, तसं मी विचारलं, "हमीदभाई, या कोर्टाचा एवढा लळा का हो?"

ते खांबाला टेकून बसले. "धाकटा भाऊ या गावात गेला रे, तापानं. माझं पहिलंच वर्ष. मय्यत घरी न्यायच्या कागदावर सही हवी म्हणून इथं आलो. भाषा येत नाही, नुसता उभा. काझी उठून माझ्या शेजारी येऊन बसले. मुंबईत राहिलेले, हिंदी यायची. म्हणाले, 'बेटा, पहले रो ले. कागज़ बाद में.'"

मग म्हणाले, "रूमवर वीस माणसं. फोनवर आई. रडायला दुसरी जागा कुठं होती?"

बाहेरून साहेबांनी हाक मारली, झालं का म्हणून. मी जाऊन सांगितलं, "अर्धा तास लागेल. दरवाजाला लावलेलं तेल वाळायचंय."