वकीलसाहेबांची विकेट

"पाच मिनिटांत कावळा शिवतो की नाही, पाहा!" रामाकोन्याच्या नदीकाठी दिलीपरावांनी छातीठोकपणे सांगितलं. "रघूच्या पोटात काहीच राहत नव्हतं, इच्छा काय राहीन?"

आज त्यांच्या जुन्या मित्राचा, रघुनाथरावांचा दहावा. पिंड मांडून तास झाला. समोरच्या बाभळीवर कावळे न्यायाधीशासारखे गंभीर बसले होते. उतरायला एकही तयार नव्हता.

"बाबा, संत्र्याचा बगीचा विकत नाही!" मुलगा वीरेंद्र हात जोडून म्हणाला. कावळे ढिम्म!

"बाबा, तुमच्या खोलीत कूलर लावतो!"

"आता कोणासाठी लावून राहिले?" त्याची बायको प्रतिभा डाफरली. मग ती दिलीपरावांकडे वळली. "काका, तुमीच बोला ना जी. त्याहिची एकच गोष्ट राहिली होती."

ती गोष्ट साऱ्या सौसर गावाला पाठ होती.

रघुनाथरावांचे वडील इंग्रजांच्या काळातले वकील. आठवडाभर काळा कोट, रविवारी हातात बॅट. दुसऱ्यांची अपिलं त्यांनी नागपूरपर्यंत लढवली. स्वतःचं मात्र एक राहूनच गेलं. छिंदवाड्याच्या सामन्यात गोऱ्या साहेबाच्या चेंडूवर त्यांना पायचीत दिलं होतं. अंपायर होते दिलीपरावांचे वडील, त्याच साहेबाच्या कचेरीतले कारकून!

"नोकरीच्या भेवानं बोट वर केलं तुह्या बापानं!" रघुनाथराव रोज चहावर म्हणत.

"तुह्या बापाचा पायच आडवा होता!" दिलीपराव म्हणत, की पुन्हा रघुनाथरावांची पाळी.

सामना झाला तेव्हा दोघांचा जन्मही झालेला नव्हता!

आता 'नॉट आउट' म्हणायचं, म्हणजे मेलेल्या बापाला भित्रा ठरवायचं. न म्हणावं, तर मित्र अडकलेला. दिलीपरावांनी डोळे मिटले.

"रघू, वकीलसाहेब नॉट आउट होते. माहे बाबा भेले."

साऱ्यांच्या माना बाभळीकडे वळल्या. कावळा? जागचा हलला नाही!

दिलीपरावांचं डोकंच फिरलं. "तुह्यासाठी बापाचं नाव घालवलं, अन् तू अजून रुसून बसला? मंग आयक! आउट होते! साफ आउट! पाय मधल्या स्टम्पसमोर होता!"

फडफड झाली. एका कावळ्यानं झेप घेतली आणि पिंडात चोच खुपसली.

"शिवला! शिवला!" लोक भराभर उठले, चपला शोधू लागले.

दिलीपराव पिंडासमोरून हलेनात.

"चला काका, झालं," वीरेंद्र म्हणाला.

"थांब ना बाप्पा," ते म्हणाले. "आता त्याची बोलायची पाळी हाये."