बाथरूममधला दगड

संशोधन स्वप्नानं करावं आणि व्यवस्था तिच्या नवऱ्यानं, अनिरुद्धनं बघावी! ही वाटणी अर्थात अनिरुद्धनंच केली होती.

स्वप्ना ओढ्यात राहणाऱ्या भुंगेऱ्यांवर पीएचडी करत होती. चार महिने ओढे पालथे घालून तिला एकच जिवंत अळी मिळाली होती. टिकलीएवढी, तपकिरी, चपटी, दगडाला घट्ट चिकटून बसणारी! बारा वाजता ती परीक्षकांना दाखवायची होती. नाही दाखवली, तर पुढची तारीख थेट सहा महिन्यांनी.

"हिला गार, वाहतं पाणी लागतं रे."

"बाथरूम!" अनिरुद्धनं चुटकी वाजवली. "टबात दगड, वर नळाची बारीक धार. मी अर्धी रजा टाकलीय. तू कॉलेजात जाऊन तयारी कर आणि साडेदहाला घेऊन जा. अळीच्या केसालाही धक्का लागला तर नाव बदलीन!"

"तिला खरंच केस असतात. कडेनं. सांभाळ."

साडेदहाला नाव बदलायची वेळ आली. दगड टबात नव्हताच! तो साबणाशेजारी वाळत पडला होता, लख्ख, स्वच्छ. अळीचा पत्ता नाही.

"आत्याबाईंनी आंघोळ केली?" स्वप्नाचा आवाज चिरकला.

अनिरुद्धच्या पंचफुला आत्या डोळे तपासायला नांदेडहून नारायणगुड्याला त्यांच्या घरी आल्या होत्या. अनिरुद्ध म्हणाला, "केली की. तासभर! आता रिक्षानं कोठीला गेली, दवाखान्यात."

दोघांनी दगडाकडे पाहिलं. खरबरीत, मुठीत मावणारा, आणि बाथरूममध्ये ठेवलेला! अशा दगडाचं घरात एकच काम असतं. टाचा घासणं.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"तिला कमी दिसतं ना, म्हटलं कशाला उगाच..."

मोरीची जाळी उपसून झाली. काही नाही. स्वप्नानं जाळी परत बसवली. "ती सुटली, की मिळेल त्या खडबडीत जागेला चिकटते."

खडबडीत म्हणताच दोघांनाही एकदम आत्यांच्या टाचा आठवल्या. स्कूटर सुटली!

दवाखान्यात आत्या बाकावर बसल्या होत्या. भरलेल्या दवाखान्यात 'पाय दाखव' कसं म्हणायचं? अनिरुद्ध सरळ वाकला.

"सुखी राहा! पर कामून रे बाबा? सकाळीच तर पाया पडलास!"

उजवा पाय कोरा. डावा पदराआड. अनिरुद्ध पुन्हा वाकला. पाठोपाठ स्वप्नाही वाकली. मग दोघं एकदम वाकले आणि डोक्याला डोकं आपटलं!

आत्यांचे डोळे पाणावले. "अगं बाई! गोड बातमी हाय व्हय? कितवा महिना?"

"चौथा!" स्वप्ना बोलून गेली. तिच्या डोक्यात ओढ्यांत घातलेले महिनेच होते.

बाकावर शेजारी बसलेल्या एक खाला उठून उभ्या राहिल्या. "मुबारक हो बेटा! मिठाई कब खिलाते?" कंपाउंडरनं पंखा वाढवला. कुणी स्वप्नाला खुर्ची दिली.

"आत्या, तसं काही नाही! डावा पाय दाखव!"

"त्याला कुरूप झालंय बाबा. रिक्षात बसल्यापासून गुदगुल्या व्हायल्यात, म्हणून ओला रुमाल बांधलाय."

रुमाल सुटला. टाचेच्या भेगेवर टिकलीएवढी, तपकिरी अळी! अनिरुद्धनं नख लावलं.

"ओढू नको!" स्वप्ना ओरडली. "तिचे पाय तुटतील! पाण्यात ठेवली तर आपोआप सुटेल."

"कधी?"

"तिच्या मनात येईल तेव्हा."

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. कंपाउंडरकडून बादली घेतली, आत्यांचा पाय तीत घातला आणि आत्यांसकट बादली रिक्षात चढवली. "माझा नंबर सतरावा होता रे!" आत्या कॉलेज येईपर्यंत सांगत होत्या.

बाराला परीक्षकांसमोर टेबलाशेजारी बादली, बादलीत आत्यांचा पाय आणि पायावर चार महिन्यांचं संशोधन. स्वप्ना बोलायला लागली. परीक्षक भिंग घेऊन गुडघ्यावर बसले. खूश झाले.

"ये खाता क्या है?" त्यांनी विचारलं.

"पत्थर पे जमी काई, सर."

परीक्षकांनी शेवाळ दिसतंय का म्हणून भिंगातून टाचेकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. आत्यांना दिसत कमी असेल, पण त्यांना समजत सगळं होतं.

"काई? मेरे पाँव पे? रोज दो बार नहाती मैं!" त्यांनी पाय झटक्यात बाहेर ओढला. पाणी परीक्षकांच्या शर्टावर! स्वप्नानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा अळी बादलीच्या तळाशी सावकाश सरकत होती. सगळे पाय शाबूत! परीक्षकांनी भिजलेल्या खिशातून पेन काढलं आणि हसत सही केली.

परतताना रिक्षात स्वप्ना आनंदानं रडत होती. अनिरुद्धलाही भरून आलं. आत्यांनी आज त्याचा संसार वाचवला होता. घरी पोचताच तो दारातच मनापासून वाकला.

आत्यांनी झटकन दोन्ही पाय मागे घेतले.

"आता आणि काय हरवलंस रे?"