टाकी हुंगणारे नाना

सोमवारी सकाळी आमच्या कारखान्यातलं कुठलंही मशीन सुरू व्हायच्या आधी नाना मोहिते गुडघे टेकून त्याच्या टाकीत नाक खुपसतात. नाना आमचे फोरमन. लेथवर लोखंड कापताना गारव्यासाठी जे दुधी पाणी सोडतात, ते कूलंट रविवारभर टाकीत पडून नासतं. वास बिघडलेला असला की नाना ओरडतात, "बंद! ये तो दही जम गया!" आणि टाकी उपसायला लावतात. मालकाची आदळआपट या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात. "पूर्वजांनी फौजेत बारूद हुंगली, मी हे हुंगतो. खानदानी काम आहे."

आम्ही हसायचो. मला खोकला लागेपर्यंत.

दर्पण कॉलनीत मी नानांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहतो, मधे एकच भिंत. एक दिवस त्यांनी मला लेथवरून बाजूला ओढलं. "इतवारी तुझा खोकला कमी असतो. कामावरून आलास की सुरू. भिंतीतून सगळं ऐकतो मी. चल डॉक्टरकडे, अभी के अभी!"

मशीनवरून उडणारे कूलंटचे बारीक तुषार रोज नाकातोंडात जात होते, पण ते छातीत जाऊन बसत असतील हे मनातही आलं नव्हतं. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. नानांनी भांडून मला पॅकिंगला लावलं आणि तुषार ओढून घेणारा पंखा बसेपर्यंत त्या लेथला कुणाला हात लावू दिला नाही.

हळूहळू खोकला गेला. मग एका सकाळी दारावर धडाधड थापा. उघडतो तर बनियनवर नाना, चेहरा पांढराफटक.

"आवाज का नाही तुझा?"

"नाना, बरा झालो मी!"

ते दारातच बसले. "या खोलीत माझा धाकटा भाऊ राहायचा. त्याच लेथवर होता. सारखा खोकायचा. एक दिन सुबह आवाज बंद. मला वाटलं, चला, आराम पडला त्याला. मी आपला चहा पीत बसलो रे."

मी त्यांचा हात धरून बसून राहिलो.

आता रोज उठलो की मी भिंतीवर पेला वाजवतो. पलीकडून आवाज येतो, "हाँ, ठीक है." त्यानंतरच नाना चहाचं आधण ठेवतात.